रथ कुठे आहे?

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या जुन्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, आम्ही तेराजण बसलो होतो. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वळचणीवरून पागोळ्या इतक्या जोरात कोसळत होत्या की प्रत्येकाला आवाज चढवून बोलावं लागत होतं. भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधली होती आणि तिच्यावर मी महिनाभर खपून तयार केलेलं नव्या इमारतीचं संगणकावरचं मॉडेल फिरवत होते. खाली भोजनगृह आणि रांदचीकूड म्हणजे स्वयंपाकघर, वर भाविकांसाठी आठ खोल्या, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर.

समितीची माणसं खूश दिसत होती. अध्यक्षांनी कौलांचा रंग जरा गडद दिसेल का, विचारलं. खजिनदारांनी खोल्या मोजल्या. मग इतका वेळ मागच्या बाकावर गप्प बसलेले एक आजोबा म्हणाले, "आमचो रथ खंय आसा ह्यांत?"

मी सांगितलं की हे फक्त इमारतीचं मॉडेल आहे, रथ त्यात घातलेला नाही. आजोबा उठून चादरीपाशी आले आणि इमारतीच्या नैऋत्येच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "बाय, रथ हांगा वळटा."

सगळे गप्प झाले. या आजोबांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या रथाच्या चाकांना पाचर घालण्याची सेवा करतं. त्या इमारतीचे नकाशे चार महिने समितीच्या कार्यालयात होते. त्यांवर सह्याही झाल्या होत्या. आजोबांनी ते पाहिलेही होते, पण नकाशावर त्यांना रेघा दिसल्या. चादरीवर त्यांना आपला कोपरा दिसला, आणि दरवर्षी रथाचा घेर जिथून जातो तिथे बाहेर आलेली वळचण दिसली.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. नऊ वर्षं पुण्यात मोठ्या साइटवर काढली आणि २०१९ मध्ये फोंड्याला घरी परत आले. आता पणजीतल्या एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिससाठी मॉडेल जुळवायचं काम करते. आर्किटेक्टचं, स्ट्रक्चरवाल्याचं, प्लंबिंगचं, विजेचं असं सगळ्यांचं काम एका मॉडेलमध्ये आणायचं, कुठे काय कुणाला आडवं येतं ते शोधायचं आणि त्या-त्या माणसांना एकत्र बसवून निर्णय करून घ्यायचा. बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) म्हणतात त्याला. लोक मला विचारतात की हे मोठ्या विमानतळांसाठी आणि मेट्रोसाठी असतं ना? नागपूर मेट्रोने ते वापरलं, हे खरं. पण माझा अनुभव सांगतो की ते छोट्या कामालाही तितकंच लागतं. छोट्या कामात निर्णय घेणाऱ्यांपैकी अनेकांना नकाशा वाचता येत नाही, आणि तरी इमारत त्यांचीच असते.

त्या बैठकीनंतर दोन दिवसांनी, पाऊस जरा उघडल्यावर, आम्ही रथघराचं दार उघडून रथ मोजला. आर्किटेक्ट, मी, आजोबा आणि त्यांचा नातू. सगळ्यात रुंद भाग जमिनीपासून तीन मीटरच्या वर, घुमटीखालच्या घेराला, ३.४ मीटर. आमची वळचण जमिनीपासून ३.३ मीटर उंचीवर होती. म्हणजे दोघं बरोबर एकाच उंचीला समोरासमोर.

रुंदी मोजली, पण वळणाचं काय? मोटारीला वळणाची ठरलेली त्रिज्या असते. रथाला ती नसते. तो दोरांनी ओढतात, चाकाखाली पाचर घालून थोडा थोडा वळवतात, मध्ये थांबतात, मागे सरकवतात. आजोबांनी काथ्याची दोरी घेतली आणि तांबड्या मातीत काठीने चाकांची वाट ओढून दाखवली. नातवाने गावातल्या पोरांच्या फोनमधून मागच्या तीन जत्रांचे व्हिडिओ गोळा केले. त्यांवरून मी रथाचा ठोकळा मॉडेलमध्ये घातला आणि वळणावरच्या अकरा जागांवर उभा केला. अकरापैकी चार जागी तो आमच्या वळचणीत घुसत होता. सगळ्यात जास्त ४२ सेंटीमीटर.

पुढच्या बैठकीत तीन पर्याय चादरीवर होते. एक, सगळी इमारत मागे घ्यायची, म्हणजे भोजनगृहातली एक पूर्ण पंगत जाणार. दोन, त्या बाजूची वळचण १.२ मीटरवरून ६० सेंटीमीटरवर आणायची. हा पर्याय सगळ्यांत स्वस्त, आणि समितीचा कल तिकडेच होता. पण मेस्त, म्हणजे गवंडी, उभे राहिले. चाळीस वर्षं चिऱ्यात काम केलेला माणूस. म्हणाले, पाऊस कुठून येतो? नैऋत्येकडून. आणि तुम्ही त्याच कोपऱ्याची वळचण तोडणार? चिरा पाणी पितो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जुनी घरं टिकली ती त्यांच्या भिंती वळचणीखाली कोरड्या राहिल्या म्हणून. मग त्यांनी तिसरा पर्याय सांगितला, जो आमच्या यादीत होता पण शेवटी: "कोपरा मोडा."

म्हणजे इमारतीचा तो एक काटकोनी कोपरा तिरका छाटायचा, खांब आत घ्यायचा आणि छप्पर त्या तिरक्या भिंतीवरून पूर्ण वळचणीसह उतरवायचं. मी तिथेच बसून तो बदल केला. रथाचा ठोकळा अकराही जागांवरून फिरवला. ३५ सेंटीमीटर मोकळे राहिले. आतल्या बाजूला सहा पानं कमी झाली. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी हिशेब करून ७८ हजारांचा फरक सांगितला. स्ट्रक्चर इंजिनिअरने खांबाची नवी जागा तपासायला चार दिवस मागितले आणि पाचव्या दिवशी होकार दिला. निर्णय झाला. त्यात पाचर घालणारा माणूस होता, चिरा रचणारा माणूस होता आणि आकडेमोड करणारा माणूस होता, आणि तिघं पहिल्यांदाच एकाच गोष्टीकडे बघत बोलत होते.

मॉडेल म्हणजे केवळ सुंदर थ्रीडी चित्र असा समज आहे, म्हणून थोडं सांगते. चित्रातल्या भिंतीला आपण भिंत आहोत हे ठाऊक नसतं. मॉडेलमधल्या भिंतीला ठाऊक असतं: ती चिऱ्याची आहे, अमुक जाडीची, या मजल्यावरची, तिच्यात दोन खिडक्या. एका जागी बदल केला की प्लॅन, उभा छेद, खिडक्यांची यादी सगळीकडे तो बदल होतो. अमेरिकेतल्या चार्ल्स ईस्टमन यांनी ही कल्पना १९७५ मध्येच मांडली होती, वैयक्तिक संगणक लोकांच्या टेबलावर येण्याच्याही आधी. एकमेकांची मॉडेलं वाचता यावीत म्हणून आयएफसी नावाची खुली पद्धत आहे, कुठल्याही एका कंपनीच्या मालकीची नसलेली. २०१३ मध्ये ती आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर अक्षरंच दिसतात. पहिली ओळ 'आयएसओ-१०३०३-२१', आणि पुढे प्रत्येक खांबाला, प्रत्येक दाराला आपला २२ अक्षरांचा क्रमांक. मला ही गोष्ट फार आवडते. उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी देवस्थानाकडे त्यांच्या इमारतीची वाचता येणारी प्रत राहील.

पुण्यातल्या एका साइटची आठवण अजून जात नाही. तिथे मी नवीन होते. चौथ्या मजल्याचा स्लॅब ओतून तीन आठवडे झाल्यावर कळलं की ड्रेनेजची लाइन बीममधून, म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या तुळईतून जाते. प्लंबिंगचा नकाशा वेगळ्या ऑफिसात, बीमचा वेगळ्या ऑफिसात, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून कुणी पाहिलेच नव्हते. मग कोअर कटर आला. नव्या बीमला भोक पाडतानाचा तो आवाज, आणि त्यातून कापलेली सळी चमकताना दिसली तो क्षण. त्या दिवशी सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते, आणि कागदांवर प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता.

अग्रशाळेच्या कामातही नेमकं तेच येऊ पाहत होतं. वरच्या मजल्याची स्वच्छतागृहं, तिथून पाइप खाली उतरवायच्या उभ्या डक्टपर्यंत ७.२ मीटर अंतर, ११० मिलिमीटरचा पाइप. उतार ६० ला १ धरला तर शेवटाला पाइप १२० मिलिमीटर खाली येतो. पाण्याचा पाइप वर-खाली वळवता येतो, वायर कुठूनही नेता येते. सांडपाण्याला फक्त उतार कळतो. वाटेत ४५० मिलिमीटर खोलीचा बीम होता, आणि पाइप त्याला खांबापासून ४० सेंटीमीटरवर छेदत होता. स्ट्रक्चर इंजिनिअर म्हणाले, बीमच्या मध्यावर, खोलीच्याही मध्यावर भोक मागितलं असतं तर जादा सळई घालून दिलं असतं, पण टेकूजवळ कातरबल, म्हणजे बीमला कापू पाहणारं बल, सगळ्यात जास्त असतं, तिथे नाही. आर्किटेक्ट म्हणाले, मग पाइप बीमखालून घेऊ, भोजनगृहात दिसेल, त्याला लाकडी पेटी करू. आम्ही तिघं पेटीच्या मापावर बोलायला लागलोही होतो.

समितीतल्या एक बाई मॉडेलकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ही पेटी पंगतीच्या डोक्यावरून जाते?"

जात होती. महाप्रसादाच्या पानांवरून संडासाचा पाइप. पेटीत असला तरी. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, आणि जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर त्याला लाल रंग देणार नव्हतं, कारण पाइप आणि हवा यांची टक्कर होत नाही. तो पर्याय तिथेच संपला. स्वच्छतागृहं उचलून पूर्वेच्या टोकाला, खाली हात धुण्याची जागा आहे तिथे वर नेली. डक्ट शेजारीच आला, उताराचा प्रश्न सुटला, बीमला हातही लागला नाही. आठाच्या सात खोल्या झाल्या. खजिनदारांना ते बरंच जड गेलं, कारण खोलीचं भाडं हे देवस्थानाचं उत्पन्न असतं. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि तेही आम्ही इतिवृत्तात लिहिलं.

सॉफ्टवेअरने पहिल्या फेरीत नऊशेच्या वर 'क्लॅश' दाखवले होते. ऐकणाऱ्याला वाटतं, बापरे. त्यातले बहुतेक फालतू असतात: पाइप आपल्याच कोपराला टेकतो, प्लास्टर खांबात दोन मिलिमीटर शिरतं. किती मिलिमीटरपर्यंतची टक्कर सोडून द्यायची ते ठरवावं लागतं, एकाच कारणाच्या टकरी एकत्र बांधाव्या लागतात. चाळून चाळून ३१ खरे प्रश्न उरले. समितीसमोर मी त्यातले सहाच नेले. बाकीचे आम्ही इंजिनिअर लोकांनी आपापसात मिटवले. कुठला प्रश्न कुणापुढे न्यायचा हे ओळखणं हाच माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. सगळेच सगळ्यांपुढे नेले तर माणसं थकतात आणि खरा प्रश्न आला की मान डोलावून मोकळी होतात.

जुन्या भिंतींचं प्रकरण मात्र मी विस्ताराने सांगणार आहे, कारण तिथे मी स्वतःच्या मतासाठी भांडले.

नवी इमारत जुन्या अग्रशाळेच्या दोन भिंतींना टेकून उभी राहणार होती. आम्ही लेझर स्कॅनर दोन दिवसांसाठी भाड्याने आणला. स्कॅनर लाखो बिंदू मोजतो आणि त्यांचा ढग तयार होतो. भिंती, वासे, रिपा, गवाक्षं, दिव्यांचे कोनाडे, सगळं त्या ढगात आलं. आणि कळलं की त्या अग्रशाळेत एकही काटकोन नाही. पश्चिमेची भिंत ३.४ मीटर उंचीत ६५ मिलिमीटर बाहेर झुकलेली. जाडी एका टोकाला ५२ सेंटीमीटर, दुसऱ्या टोकाला ५७.

आता मॉडेलमध्ये भिंत कशी काढायची? सॉफ्टवेअरला सरळ भिंत आवडते. ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं होतं, सरासरी घे आणि सरळ काढ, नकाशे नीट दिसतात. मी म्हटलं, नको. सरळ भिंत बघून ठेकेदार सरळ सळई कापेल, आणि साइटवर ६५ मिलिमीटर कुठून आणायचे ते मेस्तला एकट्याला ठरवावं लागेल, उन्हात, संध्याकाळी पाच वाजता, कुणाला न विचारता. असे निर्णय मी पुण्यात पाहिले आहेत. ते कुणाच्याच नावावर नसतात. शेवटी भिंत झुकलेली होती तशीच काढली. खाली बिंदूंचा ढगही ठेवला.

त्याच वेळी मी रंगांची पद्धत सुरू केली, आणि आता प्रत्येक कामात ती वापरते. जे प्रत्यक्ष मोजलंय ते हिरवं. जे जुन्या कागदावरून घेतलंय ते पिवळं. जे आम्ही गृहीत धरलंय ते नारिंगी. पहिल्यांदा चादरीवर दाखवलं तेव्हा जुन्या भिंतींचे पाये सगळे नारिंगी होते. अध्यक्ष चक्रावले. इतकं सुबक दिसणारं मॉडेल, आणि त्याचा पायाच अंदाजावर? हो, अंदाजावरच. तिथल्या तिथे ठरलं की चार ठिकाणी खणून पाहायचं. तीन ठिकाणी अपेक्षेप्रमाणे जांभ्याचा पाया मिळाला. चौथ्या ठिकाणी, विहिरीच्या बाजूला, पाया आम्ही धरला होता त्याच्या निम्म्या खोलीवरच संपत होता. तिथे नव्या खांबाचं ओझं जुन्या भिंतीजवळ येऊ न देण्यासाठी फुटिंग, म्हणजे त्या खांबाचा पाया, सरकवावं लागलं. मॉडेल जितकं देखणं, तितका त्यावर लोकांचा विश्वास बसतो. म्हणून आपल्याला काय ठाऊक नाही ते त्यात उठून दिसायलाच हवं. हे नैतिकतेचं काम आहे असं मी मानते.

चिऱ्यांची संख्या मॉडेलने काढून दिली होती. मेस्तनी आकडा ऐकला आणि विचारलं, "कुठल्या खाणीचा चिरा?" मी एक माप धरलं होतं. त्यांनी अंगणातल्या ढिगातले दहा चिरे मला मोजायला लावले. लांबीत तीन सेंटीमीटरपर्यंत फरक. शिवाय तासताना काही फुटतात, कोपऱ्याला अर्धे लागतात. त्यांनी शेकडा आठ जास्त मागवायला सांगितले, आणि ते मी मॉडेलमधल्या हिशेबात त्यांच्या नावाने नोंदवलं. काम संपलं तेव्हा अंगणात पाटीभर तुकडे आणि साठ-सत्तर चिरे उरले. आकडा मॉडेलचा, पण तो बरोबर झाला मेस्तमुळे.

फाइलींबद्दल थोडक्यात. सुरुवातीला सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चाललं होतं आणि 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा नावांच्या फाइली फिरत होत्या. एकदा सळई बांधणाऱ्यांनी जुन्याच नकाशावरून दोन फुटिंगच्या जाळ्या बांधल्या आणि एक दिवसाची मजुरी वाया गेली. ती चूक आमच्याकडची होती, जुना नकाशा मागे घ्यायला हवा होता. त्यानंतर एकच जागा केली आणि चार कप्पे: चालू काम, इतरांना दाखवलेलं, बांधकामासाठी मंजूर, आणि जुनं. हे चार कप्पे आमचे नाहीत, २०१८ मध्ये आलेल्या आयएसओ १९६५० या मानकात ते आहेत. त्या मानकाचा बराच भाग मोठ्या कंत्राटांसाठी लिहिलेला आहे, पण त्यातली एक गोष्ट मी देवस्थानाच्या कामालाही लावली: ज्याला निर्णय घ्यायचाय त्याने आधी सांगायचं की त्याला कुठली माहिती हवी. अध्यक्षांना सळईचा व्यास नको होता. त्यांना हवं होतं की एका वेळी किती माणसं जेवतील, पावसात वाढपी भिजतील का, आणि दर महिन्याला किती पैसे लागतील.

आणि प्रत्येक प्रश्नाची नोंद. कुठून बघितल्यावर तो दिसतो ते दृश्य, प्रश्न काय, कुणाकडे, कधीपर्यंत, काय ठरलं, कुणी ठरवलं. यासाठीही बीसीएफ नावाची खुली पद्धत आहे, नोंद उघडली की मॉडेल आपोआप त्याच कोपऱ्यावर जाऊन उभं राहतं. रथाच्या नोंदीत 'प्रश्न उपस्थित करणारे' या रकान्यात आजोबांचं नाव आहे. ते मी त्यांना फोनवर दाखवलं. त्यांनी नातवाकडून दोनदा वाचून घेतलं.

स्ट्रक्चर इंजिनिअर साठीचे आहेत आणि दोन मितींतच काम करतात. त्यांचे नकाशे घेऊन त्यांचं मॉडेल मी बनवत होते. यात एक धोका होता: मॉडेलमध्ये माझी चूक झाली तर ती त्यांच्या नावावर जाईल. म्हणून आधीच लिहून घेतलं की बांधकामाला त्यांचा सहीचा नकाशाच प्रमाण, मॉडेल फक्त ताळमेळासाठी. दर वेळी ते माझ्याशेजारी बसून एकेक बीम तपासायचे. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतः माउस हातात घेतला.

वेळापत्रकाचंही मॉडेल केलं, कुठल्या आठवड्यात काय उभं असेल ते दाखवणारं. गोव्यात दोन तारखा कुणाच्या बापाला हलवता येत नाहीत: जूनचा पाऊस आणि देवाची जत्रा. सप्टेंबरात चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर पाया सुरू केला. फेब्रुवारी २०२४ ची जत्रा कामाच्या ऐन मध्यात येत होती. त्या आठवड्यात परांची कुठपर्यंत आलेली असेल ते मॉडेलमध्ये बघितलं तेव्हा दिसलं की ती रथाच्या वाटेत उभी राहते. मग दक्षिणेची भिंत आधी घेतली आणि नैऋत्येचा कोपरा जत्रेनंतरवर टाकला. बाहेरून आलेल्या सेंटरिंगच्या कामगारांना ते टॅब्लेटवर दाखवलं. त्यांना ना कोकणी येत होती ना मराठी, पण त्यांनी रथाच्या ठोकळ्याला आधी हात जोडले आणि मग परांचीचे बांबू मोजायला घेतले. मेअखेरीस कौलं चढली. पहिला पाऊस आला तेव्हा भिंती कोरड्या होत्या.

हे फुकट होत नाही. सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी छोट्या ऑफिसला जड जाते. बघण्यासाठी आणि तपासण्यासाठी आम्ही मोफत साधनं वापरली, ब्लेंडरवर चालणारं बोनसाय त्यातलंच एक. माझ्या कामाचे पैसे कुणी द्यायचे यावरही समितीत दोन बैठका झाल्या. सुरुवातीच्या चार महिन्यांत जमिनीवर काहीच दिसत नाही आणि ऑफिसचा खर्च मात्र चालू असतो, हे देणगीदारांना समजावणं अवघड असतं. मी त्यांना पुण्यातल्या त्या बीमची गोष्ट सांगितली, आणि काय वाटलं कोण जाणे, सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या गृहस्थांनीच ठराव मांडला.

२०२५ च्या फेब्रुवारीतल्या जत्रेला मी मुद्दाम त्या मोडलेल्या कोपऱ्यावर उभी राहिले. रात्री दीडच्या सुमारास रथ आला. ढोल-ताशे, दोर ओढणाऱ्यांचा गजर, वर बसलेले भटजी, आणि खाली चाकाजवळ पाचर हातात घेऊन आजोबांचा नातू. आजोबा बाजूला खुर्चीवर बसून हाताने खुणा करत होते. रथ थांबला, थोडा मागे आला, पाचर बसली, पुन्हा दोर ताणले. घुमटीचा घेर वळचणीजवळ येत गेला आणि माझा श्वास अडकला. आम्ही ३५ सेंटीमीटर धरले होते. मध्ये वीतभर जागा दिसत होती, जास्त नाही.

रथ पुढे गेल्यावर लक्षात आलं. रथघरात आम्ही मोजला तो उघडा रथ. जत्रेला त्याच्यावर झेंडूच्या माळा चढतात, विजेच्या दिव्यांच्या पट्ट्या बांधतात, दोन्ही बाजूंना पताका लागतात. व्हिडिओत ते सगळं दिसत होतं आणि मी चाकांची वाट बघण्याच्या नादात तिकडे पाहिलंच नव्हतं.

पूर्वेकडच्या दुसऱ्या टप्प्याचं मॉडेल तेव्हा चालू होतं, आणि रथ तिथूनही जातो. तिथेच वळचणीखाली उभं राहून फोनवर नवीन नोंद उघडली. रथाची रुंदी सजावटीसह पुन्हा मोजायची, पुढच्या जत्रेची वाट न बघता, माळा बांधणाऱ्या पोरांना बोलावून. जबाबदारी माझी. 'प्रश्न उपस्थित करणारे' या रकान्यासाठी मी आजोबांकडे गेले. त्यांनी तो वीतभर फरक माझ्या आधीच पाहिला होता.